चिंधीशिवाय पोर द्यायचं नाही

शाळेतली मावशी म्हटलं की लोकांना झाडू आठवतो. झाडू होताच की. बादली होती, घंटा होती, पाण्याची टाकी घासायची होती, खिचडीची भांडी होती. पण मला विचाराल तर माझं खरं काम वीस मिनिटांचं होतं. साडेबाराला सकाळची शाळा सुटायची आणि बालवाडीची, पहिलीची पोरं ज्याच्या त्याच्या हातात पडेपर्यंत पाऊण वाजून जायचा. ही वीस मिनिटं मी फाटकात उभी असायचे. तीसेक वर्षं उभी राहिले. पाय दुखतात ते त्याचेच, असं डॉक्टर म्हणत नाही, मी म्हणते.

आता मी जुळे सोलापुरात लेकाकडे असते. नात सरकारी शाळेतच घातली, तो हट्ट माझा. परवा तिला आणायला गेले तर फाटकावर कॅमेरा बसवलेला. आत टेबलावर वही, तिच्यात नाव, वेळ, कुणाचं कोण ते लिहायचं, आणि गळ्यात पोराच्या फोटोचं कार्ड नसेल तर पोर मिळत नाही. तक्रारपेटीसुद्धा होती, पहिलीतल्या पोरीचा हात पोचेल एवढ्या उंचीवर. मी सगळं निरखून बघितलं. बरं वाटलं. नव्याला नावं ठेवणाऱ्यातली मी नाही. आमच्या वेळी हे असतं तर माझ्या हातून जे घडलं ते घडलं नसतं, हे मी माझ्याच तोंडानं सांगते. पण आमच्या वेळी जे होतं तेही सांगायला पाहिजे, कारण ते कुठल्या वहीत लिहिलेलं नाही.

आमची शाळा महापालिकेची, भवानी पेठेच्या अंगाला. चार खोल्या खाली, तीन वर, मध्ये फरशीचं अंगण. कुंपणाची भिंत एका बाजूनं एवढी खचली होती की शेळ्या शिकायला यायच्या. भिंतीपलीकडे टॉवेलचे कारखाने. मागांची खटखट दिवसभर. नव्यानं बदलून आलेल्या बाई पहिल्या दिवशी कानावर हात ठेवायच्या, आणि महिन्याभरानं वीज जाऊन खटखट थांबली की त्याच बाई दचकून विचारायच्या, "मावशी, काय झालं?" पोरांच्या तोंडात तीन-चार भाषा. विणकरांची पोरं तेलुगूत भांडायची, पलीकडच्या गल्लीतली उर्दूत शपथा घ्यायची, आणि बाईंकडे गाऱ्हाणं घेऊन यायची ती मात्र मराठीत. लिहाय-वाचायला मीही तिथंच शिकले. पहिलीच्या वर्गापुढचा व्हरांडा झाडायला मला जरा जास्तच वेळ लागायचा, कारण तिथून फळा दिसायचा.

पोरं न्यायला आया क्वचित यायच्या. कुणी मागावर, कुणी टॉवेलांना शिलाई मारायला, बऱ्याच जणी विड्या वळणाऱ्या. त्यांची विड्या नेऊन द्यायची वेळ आणि शाळा सुटायची वेळ एकच. मग गल्लीतलं जे कुणी रिकामं ते सगळ्यांची पोरं न्यायचं. आज एखादी म्हातारी सहा पोरं हाकत न्यायची, उद्या कुणाचा काका सायकलवर तीन बसवायचा. कागद नाही, सही नाही, सगळी मदार माझ्या डोळ्यांवर. कुणाची आजी लंगडते, कुणाची थोरली बहीण चौथीत आहे, कुणाचा बाप दुपारचाच पिऊन येतो आणि त्याच्या हाती पोर द्यायचं नाही, सगळं पाठ. मुख्याध्यापकांना आम्ही मोठे सर म्हणायचो. कुणी साहेब तपासणीला आले की ते सांगायचे, "रजिस्टर कशाला, आमच्या मावशी आहेत की." आणि मी पदर सावरायचे. त्या पदर सावरण्यातच घात होता, पण हे मागाहूनचं शहाणपण.

त्या वर्षी पहिलीत एक मुलगी आली. दोन वेण्या, लाल रिबिनी, तोंडाला कुलूप म्हणून नाही. तिची आई शाळेच्या मागच्याच कारखान्यात शिलाईला होती, त्यामुळे न्यायला रोज स्वतः यायची, केसांना सुताचे पांढरे तंतू चिकटलेले तशीच. कर्नाटकच्या शिवेवरच्या दुधनीकडची होती. नवरा वारलेला. सासरचे म्हणत होते, सून गेली तर जाऊ दे, पोरगी आमच्या घरातली आहे, ती आमच्याकडे राहील. हे तिनं नाव घालतानाच पहिलीच्या बाईंना सांगून ठेवलं होतं आणि बाईंनी मला. "मावशी, हिला आईशिवाय कुणाला द्यायचं नाही." मी म्हटलं, "बाई, हे मला सांगावं लागतं का?"

दिवाळीच्या आधीची गोष्ट. पाऊस संपून ऊन पुन्हा चटकायला लागलं होतं. शाळा सुटायच्या वेळेला फाटकात एक माणूस आला. पँट-शर्ट, खांद्यावर टॉवेल, हातात कापडी पिशवी. त्यानं मला हात जोडले आणि म्हणाला, "अक्का, आराम अदीरी?"

आता हे कसं सांगू. माझं माहेर दुधनीच्या अलीकडचं एक बारकं गाव. घरात आम्ही कन्नड बोलायचो. लग्न होऊन सोलापुरात आले, सासरी मराठी, शेजारी तेलुगू, आणि आई गेल्यावर माझ्याशी त्या भाषेत बोलणारं कुणी उरलंच नव्हतं. कितीतरी वर्षांत मला कुणी अक्का म्हटलं नव्हतं. त्यानं विचारलं होतं ते एवढंच, की बरी आहेस ना. माझा घंटेवर टोला मारायचा हात तसाच वर राहिला.

"याव ऊर?" मी विचारलं. गाव कुठलं.

त्यानं गाव सांगितलं ते माझ्या माहेराला लागून. मग काय. माझ्या भावाला ओळखत होता. आमच्या विहिरीचं पाणी यंदा टिकलंय म्हणाला. तूर बरी आहे म्हणाला. स्टँडजवळचं चिंचेचं झाड रस्ता रुंद करताना तोडलं, ते मला त्याच्याकडून कळलं. त्या झाडाखाली मी परकराच्या ओच्यात चिंचा गोळा केलेल्या. "तोडलं?" असं मी त्याला दोनदा विचारलं. मी एकेक पोर सोडत होते, हात काम करत होते, पण कान माहेरी गेले होते. तेवढ्यात ती मुलगी वर्गातून आली आणि "काका" म्हणत जाऊन त्याला बिलगली. त्यानं पिशवीतून राजगिऱ्याचा लाडू काढून तिला दिला.

"हिच्या आईला काम लई हाय आज," तो म्हणाला. "मलाच न्यायला सांगितलंय."

"न्या की," मी म्हटलं. वर त्याला विचारलंसुद्धा, "ऊट आतेन्री?" जेवलात का म्हणून.

कुणा परक्याला पोर दिलं असतं तर मी कधीतरी स्वतःला माफ केलं असतं. मी ते माझ्या गावाला दिलं.

दहा मिनिटांनी आई आली. इकडे तिकडे बघितलं. "मावशी, माजी पोर?"

"तुझ्या दिरानं नेली की," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणताच मला बाईंनी बजावलेलं आठवलं.

ती ओरडली नाही. तिनं फाटकाचा गज धरला. "कवा? कुटल्या बाजूला?"

बाईंनी रिक्षा थांबवली. मोठे सर पोलिसांना फोन लावायला आत पळाले. आम्ही दोघी स्टेशनाकडे निघालो, कारण दुधनीकडं जाणारी दुपारची गाडी अजून सुटायची होती. रिक्षात ती माझ्याशी एवढंच बोलली, "मागच्या साली चार दिवस म्हणून नेली. चार म्हयन्यांनी दिली. जाऊन दारात बसले तवा दिली." मी तिचा हात धरायला गेले, तिनं काढून घेतला. बरोबरच होतं.

गाडी उशिरा होती. लोक रेल्वेच्या उशिराला शिव्या देतात, मी त्या दिवसापासून देत नाही. फलाटाच्या टोकाच्या बाकावर मुलगी पाय हलवत बसली होती, गणवेशावर लाडवाचा भुगा. आईनं जाऊन तिला उचललं ते एवढं घट्ट की पोर म्हणाली, "आई, दुखतंय." दीर उभा राहिला. त्याचं तोंड चोराचं नव्हतं, तेच वाईट होतं.

"तिची आजी आजारी हाय," तो म्हणाला. "नातीला बघायचं म्हणती. चार दिवसांनी आणून सोडलं असतं."

"तुमचे चार दिवस मला म्हाईत हायत, भावजी."

त्यानं माझ्याकडे बघितलं. "अक्का, तुमी तरी सांगा हिला."

मी मराठीतच म्हटलं, "तुम्ही मला फसवलंत."

"फसवलं कुटं? झाड तोडलंय ते खरंच तोडलंय."

"आणि आईनं न्यायला सांगितलंय म्हणालात, ते?"

तो पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत राहिला.

शाळेत परत आलो तर मोठे सर, बाई सगळे फाटकात. आईनं मुलीचं दप्तर बाईंच्या हातातून घेतलं. "सर, उद्यापासनं ही येणार न्हाय."

सरांनी लई समजावलं. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "सर, तुमची भिंत बघा, शेळी येती. तुमचं फाटक बघा, गोड बोललं की उगडतंय." बोलताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर सोपं गेलं असतं मला.

आठ-दहा दिवस हजेरीत त्या नावापुढे फुली. बाई रोज नाव पुकारायच्या, मी व्हरांड्यात ऐकायचे. एका दुपारी काम उरकून मी मागच्या गल्लीतल्या कारखान्यात गेले. शिलाईच्या मशीनखाली, आईच्या पायाशी ती मुलगी बसली होती. कापडावर खुणा करायच्या खडूनं फरशीवर काहीतरी गिरवत होती. मला बघून म्हणाली, "मावशी, झ ची गाठ कुठल्या बाजूला?" मी खाली बसून काढून दाखवली. मला स्वतःला तो झ यायला दोन पावसाळे लागले होते.

तिच्या आईला म्हटलं, "चुकलं माझं. माफ कर."

तिनं मशीन थांबवलं नाही. "माफीचं काय करू, मावशी? हमी द्या. आन तोंडाची नको. तुमचं तोंड गोड हाय आन कान त्याच्याहून गोड हायत."

शेवटी तिनं मशीन थांबवलं आणि कोपऱ्यातल्या ढिगातून एक टॉवेल ओढून काढला. तो ढीग खराब मालाचा. मागावर धागा तुटला आणि घाईत भलत्याच रंगाचा जोडला गेला की काठात चुकीची रेघ येते, तो टॉवेल मग बाजूला टाकतात. ह्याच्या हिरव्या काठात बोटभर पिवळी रेघ आली होती, तीही सरळ नाही, मध्येच तुटून खाली उतरलेली. "ही चूक पुन्ना करून दाव म्हटलं तर विणणाऱ्यालाबी जमणार न्हाय," ती म्हणाली. तिनं काठ कापला, आणि त्या पिवळ्या रेघेवरून आडवी कात्री चालवून त्याचे दोन तुकडे केले.

"आर्दी चिंधी तुमच्याकडं, आर्दी माज्याकडं. जो कुनी पोरीला न्यायला येईल त्याच्याकडनं मागायची, जुळवायची. जुळली न्हाय तर देव जरी आला तरी द्यायची न्हाय."

"आणि तूच आलीस तर?"

ती सुईत धागा ओवत होती, थांबली. आजूबाजूला बघून हळू बोलायला लागली. "मी आले तरी. मावशी, ते मला पुढं घालून आणतील. घरात चार मोटी माणसं बसवतील, म्हणतील चल, पोरीला घे, गाडीची वेळ झाली. थोरांच्या म्होरं माजं तोंड उगडत न्हाय. व्हय म्हणत म्हणत मी तुमच्या फाटकापतूर येईन. म्हणून सांगते. मी मोकळ्या हातानं आले तर समजा, मी माज्या मनानं आले न्हाय. किती बी भांडले तरी द्यायची न्हाय. आन ही शेवटची गोष्ट तुमच्या-माज्यात."

"उद्या पाठवतेस?"

"पाठवते."

शाळेत मी चिंधीचं सांगितलं, शेवटची गोष्ट सोडून. बाई हुशार. त्या म्हणाल्या, एकट्या तिलाच नको, पोरं चिडवतील, सगळ्या वर्गाला करू या. मग जो आठवडा गेला तो आठवला की आजही मला एकटीला हसू येतं. घरोघरी कात्र्या चालल्या. टॉवेलचे काठ आले, चादरीचे आले, जुन्या इरकलीचा पदर आला. एका पोराचे आजोबा शिंपी होते, त्यांनी शेरवानीच्या जरीचा तुकडा पाठवला, असा की परत द्यायला जीव होईना. चौकटीच्या चादरीच्या चार चिंध्या एकाच मागावरच्या निघाल्या, कुणाची कुठली कळेना. त्या चौघांना परत पाठवलं आणि सांगितलं, चुकलेलं कापड आणा, चांगलं नको. अख्ख्या गल्लीत त्या आठवड्यात खराब मालाला मान आला. एका बापानं आपला तुकडा हरवला तर दुसऱ्या दिवशी बायकोची अख्खी साडी काखेत मारून आला. "यातलाच हाय बघा, मावशी, कुटंबी लावून बघा." बायको मागून आली ती वेगळंच बोलत आली.

माझ्याकडचे अर्धे तुकडे मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे, प्रत्येकाला नावाची चिठ्ठी टाचलेली. माझ्या हस्ताक्षरात. एक साहेब आले होते, डबा उघडून हसले. हसू देत. त्याच महिन्यात एका रविवारी चार-पाच बाप एकत्र आले आणि खचलेली भिंत छातीएवढी उचलली. शेळ्यांचं शिक्षण तिथंच सुटलं. आता त्या भिंतीवर काचा आहेत, फाटकाला चाकं आहेत. पण रोज दुपारी अंगणात उभं राहून, डब्याचं झाकण काढून, दोन रंगांच्या रेघा एकमेकींना लावून बघायच्या आणि मग एक पोर सोडायचं, त्यात जी गंमत होती ती कार्डाच्या फोटोत नाही. फोटोत सगळीच पोरं सारखी घाबरलेली दिसतात.

ती आई रोज यायची, रोज चिंधी काढून द्यायची. एक शब्द जास्त बोलायची नाही. मीही रोज जुळवायचे, ओळखीची असून. दिवाळी गेली, संक्रांत गेली. पोरगी घडाघडा वाचायला लागली.

मार्च संपत आला होता, परीक्षा पंधरा दिवसांवर. मधली सुट्टी नुकतीच संपलेली, आणि ती आई फाटकात आली. अवेळी. अंगावर ठेवणीतली साडी, केस चापून बसवलेले, त्यात एक तंतू नाही. मागे रस्त्याच्या पलीकडे रिक्षा उभी. रिक्षाजवळ तो दीर, आणि आत एक म्हातारी, सासू असणार.

"मावशी, पोरीला सोडा. गावाला जायचंय."

"चिंधी?"

"घरी राहिली."

पहिल्यांदा मला खरंच वाटलं, विसरली. इतके महिने रोज आणते, एक दिवस माणूस विसरतं. मी कडी काढायला हातसुद्धा घातला होता. मग तिचे हात दिसले. दोन्ही तळवे तिनं पुढे धरले होते. मागायला हात धरतात तसे नव्हते धरलेले. रिकामे आहेत हे दाखवायला धरलेले होते.

मी कडी परत बसवली. "मग नाही देता येणार."

आणि ती सुरू झाली. मी तिला एवढ्या मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "आवो, आई हाय मी तिची. वळखता न्हाय मला? ज्याला द्यायची न्हवती त्याला गप दिलीत, आन आईला न्हाय म्हणताय?"

रस्त्यावरची माणसं थांबली. हे तिनं पलीकडच्या लोकांसाठी म्हटलं की माझ्यासाठीच, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. लागायचं तिथं लागलं. मी म्हटलं, "नियम आहे."

पहिलीच्या बाई धावत आल्या. त्यांना आतली गोष्ट ठाऊक नव्हती. "अहो मावशी, रोज बघतो आपण हिला. जाऊ द्या की."

"बाई, नियम आहे."

दीर रस्ता ओलांडून आला. हात जोडले, तसेच, पहिल्यासारखे. "अक्का, कूसु नम्मदु." म्हणजे पोर आमचं आहे. आवाज तसाच मऊ. कानाला ते गोडच लागलं, खोटं कशाला बोलू. पण ह्या खेपेला मी त्याला त्याच भाषेत उत्तर दिलं. "चिंदी तर्री." चिंधी आणा.

तो बायकोमाणसाशी किती वाद घालणार. मोठे सर बाहेर आले, तर त्यांच्याकडे वळला. "सर, सख्खी आई उभी हाय आन तुमची शिपाईण चिंधी मागती."

मी सरांना म्हटलं, "सर, आज दिली तर तो डबा उद्या कचऱ्यात टाका."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मग तिच्याकडे बघितलं, ती ओरडायची थांबून जमिनीकडे बघत होती. काय कळलं त्यांना ते त्यांनाच माहीत. म्हणाले, "मावशी म्हणतात ते बरोबर आहे. चिंधी आणा, घेऊन जा."

"चिंधी आनायला असा किती वेळ?" रिक्षातून म्हातारी म्हणाली.

"कारखान्यात कपाटात हाय," आई म्हणाली. घरी राहिली होती ती एवढ्यात कारखान्यात गेली होती. "किल्ली मालकाकडं. मालक तीनला येतोय."

"गाडी हाय की आपली."

"तर काय करू मी?"

म्हातारी उतरली. खरंच आजारी होती, हाताची काटकी झालेली. फाटकाशी येऊन गजाला धरून उभी राहिली. मी आतून तांब्याभर पाणी दिलं. तिनं प्यायलं, आणि मला काही न विचारता नुसती वर्गाकडे बघत राहिली. मला राहवलं नाही. सरांना म्हटलं, "सर, बघायला चिंधी लागत नाही." बाईंनी पोरीला आणलं, हात धरून. फाटक बंदच. म्हातारीनं गजातून हात घालून तिच्या तोंडावरून फिरवला, आणि बोटं कानाशी मोडली. पोर म्हणाली, "आजी, मला जोडाक्षरं येतात." म्हातारीनं विचारलं, "म्हंजी काय गं?" पोरीनं तिथंच तीन-चार म्हणून दाखवली.

मग ते गेले. आई त्यांना पोचवायला त्याच रिक्षात बसून गेली. जाताना तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

शाळा सुटली. एकेक चिंधी जुळली, एकेक पोर गेलं. डब्यात एकच तुकडा उरला. सर म्हणाले, मी थांबतो. बाईही थांबल्या. मी पोरीला उरलेली खिचडी वाढली, ती जेवून व्हरांड्यात माझ्या मांडीवरच झोपली. दोन वाजले, अडीच वाजले. मला एकच भीती, की तिलाही गाडीत बसवून नेलं तर. मग ह्या चिंधीला दुसरी चिंधी यायचीच नाही.

तीन वाजून गेल्यावर ती आली. चालत आली होती, पायावर धूळ. फाटकात उभी राहिली आणि पोलक्यातून तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. घामानं ओला झालेला. सकाळपासून तिथंच होता तो.

मी डबा उघडला. सर, बाई बघत होते, मी मुद्दाम वेळ घेतला. हिरवा काठ हिरव्याला लावला, पिवळी रेघ पिवळीला, जिथं तुटून खाली उतरते तिथं बोट फिरवून बघितलं. जुळली.

"गेले?" मी विचारलं.

"गेले. भावजी तोंड फुगवून बसले." ती पायरीवर बसली. मी पाणी दिलं. "म्हातारी गाडीत बसताना म्हणाली, मे म्हयन्यात तू घिऊन ये तिला. तू बी ये, म्हणाली. नवरा गेल्यापासनं मला कुनी ये म्हटलं न्हवतं त्या घरात."

"जाशील?"

"बघू. आदी परीक्षा होऊ दे." तिनं वाकून पोरीच्या सुटलेल्या रिबिनी नीट बांधल्या. पोर उठली नाही. मग तिनं तिला तशीच खांद्यावर घेतली, दप्तर दुसऱ्या हातात, आणि मला म्हणाली, "उद्याच्याला जरा उशीर झाला तर बाईंना सांगा, पोर दमलीय. पर येणार हाय ती."